वसंतकाकांच्या नावापुढची रिकामी जागा

मला पोचवायला झाशी स्टेशनवर तिघं आली होती. माझे वडील अण्णा, इंदूकाकू आणि अण्णांच्या पार्सल ऑफिसातले तिवारीजी. लग्नाला चार दिवस झाले होते आणि मी नवऱ्याबरोबर पुण्याला निघाले होते. कोळशाच्या इंजिनांचे ते शेवटचे दिवस. शेडच्या बाजूनं धूर येत होता आणि काकू पदरानं माझी नवी साडी झाकायला बघत होती. अण्णा ब्रेकव्हानजवळ उभे राहून माझी ट्रंक चढवून घेत होते. तिच्यावरचं लेबल त्यांनी स्वतः लिहिलं होतं, पार्सलवर लिहितात तसं, ठळक, गोल अक्षरात. काकूनं माझ्या हातात दशम्यांचा डबा दिला. दुधात मळलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी. अण्णा दौऱ्यावर निघाले की ती हेच बांधून द्यायची.

गाडी लागली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला होता, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती उतरणाऱ्यांकडे पाहत होती. एकेका डब्याकडे, एकेका पुरुषाकडे. मला त्याचं नवल वाटलं नाही. काकू कधीही स्टेशनवर आली की असंच करायची. तिचा नवरा, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, माझे वसंतकाका, सोळा वर्षांपूर्वी याच स्टेशनवरून गेले होते आणि परत आले नव्हते. गाडी हलली तेव्हा कुठे ती माझ्याकडे वळली. म्हणाली, “पोचल्याचं पत्र टाक. लगेच टाक गं, कुंदा.”

पुण्यात मी चाळीस वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना म्हणाले, “दूध फाटलं,” आणि घरभर हशा पिकला. फाटतं ते कापड, दूध नासतं, हे मला तेव्हा कळलं. चाबीची किल्ली केली, सब्जीची भाजी केली, ‘मला सर्दी लागते’ म्हणायचं सोडलं. झाशीत आम्ही ‘दक्षिणी’ होतो, पुण्यात मी ‘हिंदीवाली’ झाले. बँकेत नोकरी लागली, मुलगी झाली, घर झालं. दर उन्हाळ्यात पंधरा दिवस दतिया गेटजवळच्या आमच्या तीन खोल्यांत जायचे. काकू दारात उभी असायची. अण्णा गेले, तरी काकू होतीच. माहेर म्हणजे आणखी काय असतं?

आता तुम्हा सगळ्यांना हे का लिहिते आहे ते सांगते. आपल्या घराण्याच्या ग्रुपवर तुम्ही झाशीतले आहात, ग्वाल्हेरचे आहात, इंदूरचे आहात, काही तर समुद्रापलीकडे आहात. गेल्या वर्षी मी वंशावळ पाठवली तेव्हापासून तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, “ताई, हे सगळं कसं जमवलं, सुरुवात कुठून करायची?” आणि दोघा-तिघांनी असंही विचारलं, की वसंतकाकांबद्दल ते सगळं लिहायची काय गरज होती, अण्णांचं नाव कशाला खराब केलं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते एका निरोपात मावत नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. मी बँकेतून निवृत्त झाले आणि माझ्या मुलीनं अमेरिकेतून एक तक्ता पाठवला. नाव, जन्म, लग्न, मृत्यू, गाव. म्हणाली, “आई, तुला जेवढं माहीत आहे तेवढं तरी भर. माझ्या मुलांना मी काय सांगू?” एका दुपारी मी भरायला बसले. आईचं भरलं. ती मी तिसरीत असताना टायफॉईडनं गेली. अण्णांचं भरलं. वसंतकाकांचा जन्म आजोबांनी जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवला होता, तो उतरवला. लग्न भरलं. पुढचा रकाना मृत्यूचा. तिथे पेन थांबलं. काका गेले होते, पण कुठे गेले होते? त्यांच्या नावामागे कै. लावायचं की नाही? काकू तर अजून कुंकू लावत होती.

वसंतकाका रेल्वेत फायरमन होते. मला त्यांचे हात आठवतात, नखांत कायमची काळी रेघ. मी सहा वर्षांची असताना त्यांची डोळ्यांची तपासणी झाली आणि दूरचा लाल दिवा आणि हिरवा दिवा त्यांना वेगळा ओळखता येईना. इंजिनावरून त्यांना उतरवलं. शेडमध्ये पाणी भरायचं, झाडलोट करायचं काम देऊ म्हणाले. काका म्हणाले, “इंजिनावरचा माणूस हातात झाडू घेणार नाही.” नागपूरला मिलमध्ये बघतो म्हणून एक पिशवी घेऊन निघाले. काकूचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एक कार्ड इटारसीहून आलं, एक जबलपूरहून. मग काही नाही.

अण्णा दर वर्षी रेल्वेचा पास काढून त्यांना शोधायला जायचे. कधी बिलासपूर, कधी खरगपूर, कधी गया. तीन-चार दिवसांनी परत यायचे, दारात चपला काढायचे आणि काकूकडे बघून नुसती मान हलवायचे. ती काही विचारायची नाही. पाणी आणून द्यायची.

आई गेल्यावर काकूनंच मला वाढवलं. माझी वेणी घातली, माझे पाढे घेतले. ती मॅट्रिक झालेली होती, आमच्या गल्लीत त्या काळी मॅट्रिक झालेली बाई दुसरी नव्हती.

तर ती रिकामी जागा भरायची म्हणून मी शोध सुरू केला. पहिल्यांदा कागद पाहिले. अण्णांचं सर्व्हिस बुक, रेशनकार्डं, फोटोंच्या पाठी. तुम्हीही तेच कराल. कुणीतरी सुचवलं की प्रयागला तीर्थपुरोहितांच्या वह्यांमध्ये पिढ्यांची नावं असतात, जो कुणी जातो त्याच्याकडून ते लिहून घेतात. आम्ही दोघं नवराबायको कार्तिकात गेलो. नुसतं ‘झाशीचे दक्षिणी, दतिया गेट’ एवढं सांगितलं, आणि विचारत विचारत तासाभरात आमचे पंडाजी सापडले. वयस्कर, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी लाल कापडात गुंडाळलेली लांबोळकी वही मांडीवर घेतली आणि उलगडत गेले. जुनी पानं मोडीत होती, मला एक अक्षर लागेना. मी फोटो काढत होते, खूश होते. आजोबांची सही सापडली तेव्हा तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग एका पानावर पार्सलच्या लेबलवरचं ते ठळक, गोल अक्षर दिसलं.

“मी, नारायण, राहणार झाशी, आज येथे येऊन धाकटा बंधू चि. वसंत याचे पिंडदान केले.” ‘चि.’वर बारीक रेघ मारली होती आणि वर ‘कै.’ लिहिलं होतं. सवयीनं हात चिरंजीव लिहून गेला असणार. खाली आणखी एक ओळ होती. “मुगलसराय येथे तापाने वारला. घरी कळवू नये.”

तिथी मार्गशीर्षाच्या अखेरची. साल मी दोनदा वाचलं. त्या वर्षी मी आठवीत होते. आणि मला ते लख्ख आठवलं. त्या थंडीत अण्णा प्रवासाहून मुंडण करून आले होते. म्हणाले, “वाटेत प्रयागला उतरलो, आईबाबांचं करून आलो.” काकूला वाईट वाटलं, थंडीचं डोकं उघडं म्हणून. तिनं दोन दिवसांत त्यांना लोकरीची टोपी विणून दिली. आपल्या नवऱ्याच्या पिंडदानाला केलेलं मुंडण ती आपल्या हातांनी झाकत होती, आणि तिला ठाऊक नव्हतं.

पंडाजींनी विचारलं, “बेटी, आगे लिखना है?” मी नाही म्हटलं. मला तिथे काही लिहिता येईना.

तिवारीजी आता नोकरी संपवून मोठ स्टेशनजवळच्या आपल्या गावी राहतात, हे मला माहीत होतं. प्रयागहून परतताना मी यांना पुढे पुण्याला पाठवलं आणि झाशीच्या आधीच मोठला उतरले. तिवारीजी अंगणात बाजेवर बसले होते. दिसत कमी होतं. आवाजावरून ओळखलं. “बड़े बाबू की बिन्नू?” बुंदेली लोक लेकीला बिन्नू म्हणतात. मी वहीतल्या ओळीचं सांगितलं. ते गुडघा चोळू लागले.

मग सांगू लागले. अण्णा त्या काळी लाइनवरच्या गार्ड लोकांना सांगून ठेवायचे, कुठे झाशीचा दक्षिणी माणूस दिसला तर कळवा. एका गार्डनं निरोप आणला, मुगलसरायला एका धर्मशाळेत असा एक जण पाणी भरतो, त्याला दिसत कमी आहे. अण्णा तिवारीजींना बरोबर घेऊन गेले. पोचले तर धर्मशाळेच्या माणसानं पिशवी पुढे ठेवली. काका तीन आठवड्यांपूर्वी गेले होते. पिशवीत दोन कपडे होते, आणि रेल्वेच्या डॉक्टरनं दिलेला तो डोळ्यांचा कागद, घडी करकरून चार तुकडे झालेला. तिथून दोघं थेट प्रयागला आले.

“लौटते में बड़े बाबू बोले, घर पे नहीं कहना। मैंने पूछा काए? बोले, इंदू को पता चला तो उसके भाई आके ले जाएँगे। बच्ची छोटी है, उसको कौन देखेगा।” तिवारीजी माझ्या दिशेनं तोंड करून बोलत होते, पण नजर दुसरीकडेच जात होती. “हमने कही, बड़े बाबू, जो ठीक नइयाँ।” हे बरं नाही, असं त्यांनी सांगून पाहिलं होतं. “बोले, पाप लगे तो मुझे लगे।”

मी विचारलं, “पण ते तर त्यानंतरही दर वर्षी शोधायला जायचे. रिटायर होईपर्यंत.”

“कहाँ जाते थे, बिन्नू! यहीं आते थे।” त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाकडे हात केला. मोठला. झाशीहून बसनं दीड-दोन तासांवर. अण्णा पास काढून, बॅग भरून, काकूनं बांधलेला डबा घेऊन घरातून निघायचे आणि इथे येऊन तीन दिवस या झाडाखाली बसून राहायचे. तिवारीजी रजा टाकून सोबतीला यायचे. “और वो डिब्बा हम दोनों खाते थे। फेंक तो सकते नहीं थे। पर गले से उतरता नहीं था।”

मी आमच्या दारात चपला काढणारे अण्णा पाहिले. मान हलवणारे. आणि पाणी घेऊन येणारी काकू.

मोठहून झाशीला येणाऱ्या बसमध्ये मी पक्कं ठरवलं होतं, काकूला सांगायचं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तक्त्यात रेघ ओढून ठेवायची आणि विषय मिटवायचा. अण्णांनी जे ठरवलं तेच मी ठरवत होते, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.

पण काकू वाटच पाहत होती. वंशावळीचा तिला फार उत्साह होता. तिनंच मला निम्मी नावं सांगितली होती. कोण कुणाची सून, कुणाची मुलगी सागरला दिली, कोण दत्तक गेला. मी हातपाय धुऊन बसले, तिनं चहा पुढे ठेवला आणि विचारलं, “मिळाली का वही? भावोजी एकदा प्रयागला उतरले होते ना, त्यांनी काही लिहिलं असेल. ह्यांचं नाव घातलंय का त्यांनी? नाही तर तू घालायचंस.”

मी चहाकडे बघत राहिले. हो म्हणायला हवं होतं, किंवा नाही म्हणायला हवं होतं. दोन्हीतलं काही तोंडातून निघेना. एवढा वेळ पुरे झाला.

“कधी?” काकूनं विचारलं.

“मी आठवीत होते तेव्हा. मार्गशीर्षात. मुगलसरायला, तापानं.”

ती भिंतीला टेकली. रडली नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती असं वाटलं, पण ती मोजत नव्हती, आठवत होती. मग म्हणाली, “म्हणजे दादा आला होता त्याच्या आधी.”

“आधी,” मी म्हटलं.

तो प्रसंग मीही विसरले नव्हते. आठवीनंतरच्या उन्हाळ्यात काकूचे भाऊ ग्वाल्हेरहून आले होते. शाळेत मास्तर होते. येताना ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म घेऊन आले होते. म्हणाले, “इंदू, सात वर्षं झाली. चल माझ्याकडे. दोन वर्षांचं ट्रेनिंग, मागे हॉस्टेल आहे, मग शाळेत नोकरी लागेल. स्वतःच्या पायावर उभी राहा.” काकूनं फॉर्म हातात घेतला. उलटून-पालटून वाचला. मी पडद्यामागे उभी होते आणि देवाला नवस बोलत होते, काकू जाऊ नये म्हणून. मग ती म्हणाली, “हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?” तिच्या भावानं अण्णांकडे पाहिलं. “अण्णासाहेब, तुम्ही सांगा तिला.” अण्णांच्या हातात वर्तमानपत्र होतं. ते खाली न करता ते म्हणाले, “तिची इच्छा.”

मी पडद्यामागे आनंदानं उडी मारली होती.

“भावोजी तिथेच बसले होते,” काकू म्हणाली. “दादा चल म्हणत होता, आणि ते तिथे बसून होते.” थोड्या वेळानं विचारलं, “मग दर वर्षी कुठे जायचे?”

मी मोठचं सांगितलं. ती एकदाच हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं. “मोठ! आणि मी चार दिवसांच्या दशम्या करायची.”

मला वाटलं आता सगळं सांगून टाकावं. मी तिवारीजींचे शब्द सांगितले. बच्ची छोटी है. काकू माझ्याकडे बघत होती. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, अगं वेडे, तुझ्यासाठी मी राहिलेच असते. खरं सांगते, मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

ती म्हणाली, “विचारलं असतं तर राहिले असते का? माहीत नाही गं, कुंदा. कदाचित राहिले असते. पण आता ते कसं कळणार?”

मग उठून तिनं चुलीवरचं आधण उतरवलं. आमच्या घरात गॅस आला तरी ती चूलच म्हणायची. “भावोजी शेवटच्या आजारात म्हणाले होते, इंदू, रागावू नकोस. मला वाटलं, एवढी वर्षं केलं-सवरलं त्याबद्दल म्हणतायत. मी म्हटलं, त्यात काय रागवायचं?” तिनं माझ्याकडे पाठ केली होती. “मी माफ करून बसले की त्यांना. न कळताच.”

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मला दहा दिवस पाळू दे.” मी तिकीट बदललं. इतक्या वर्षांनी सुतक कसलं, असं शास्त्र सांगणारे सांगतील. आम्ही कुणाला विचारलं नाही. तिनं काळे मणी काढून डबीत ठेवले. जेवणात गोड केलं नाही. दहा दिवसांत ती वसंतकाकांबद्दल जेवढं बोलली तेवढं त्याआधी कधी बोलली नव्हती. ते घोरायचे. त्यांना कारलं आवडायचं. इंजिनावरून आले की त्यांच्या अंगाला गरम लोखंडाचा वास यायचा. घरातल्या शेवटच्या दिवसांत ते अंगणातला दिवा किती दूर आहे ते ओळखून तिला बरोबर का विचारायचे आणि ती खोटंच सांगायची, त्यांना बरोबर ओळखता आलं असं. “मीही खोटं बोलले होते की,” ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. “पण ते एवढुसं होतं.”

अकराव्या दिवशी तिनं न्हाऊन आरशासमोर बसून पुन्हा कुंकू लावलं. तिलाच वाटलं सांगावं. “कपाळ मोकळं दिसलं तर गल्लीतल्या बाया विचारतील, अम्मा, क्या हो गया? पन्नास वर्षांपूर्वीचं काय सांगत बसू?”

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, “मला ग्वाल्हेरला ने.” ग्वाल्हेर आमच्यापासून जेमतेम दोन तासांवर. भाऊ आला होता त्या उन्हाळ्यानंतर ती तिथे लग्नकार्यालासुद्धा गेली नव्हती. कुणीतरी घरी हवं म्हणायची. भाऊ तर आता उरलाही नव्हता. सकाळच्या गाडीनं गेलो. पत्ता तिला तोंडपाठ होता, फॉर्मवर वाचलेला. इमारत होती, पण तिथे आता कसलीशी सरकारी कचेरी होती. काकूनं फाटकावरच्या चौकीदाराला विचारलं, “भैया, यहाँ पहले मास्टरनियों की ट्रेनिंग होती थी ना?” तो म्हणाला, “पता नहीं, अम्मा। हम तो दो साल से हैं।”

ती फाटकातून आत बघत राहिली. “हॉस्टेल मागे असणार,” म्हणाली. आम्ही कंपाउंडला वळसा घालून मागच्या रस्त्यानं गेलो. तिथे एक लांबट दुमजली इमारत होती, खिडक्यांना हिरवे गज. एका खिडकीत कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. काकूनं खिडक्या पाहिल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. “वरच्या मजल्यावरची खोली मागितली असती मी,” ती म्हणाली. “हवा येते.” उन्हात आम्ही किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. मग तिनं माझं मनगट धरलं. “चल, गाडी चुकेल.”

येताना गाडीत मी तिला विचारलं, “वंशावळीत काय लिहू?” ही गोष्ट तुम्ही नीट ऐका, कारण तुम्ही जे विचारता त्याचं उत्तर इथे आहे. मी तिला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. तोवर मी नावं विचारली होती, तारखा विचारल्या होत्या, तिचं मत विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “ह्यांची तारीख बरोबर लिही. भावोजींना केव्हा कळलं तेही लिही. आणि माझ्या नावापुढे लिही की मॅट्रिक पास होती, आणि दादानं फॉर्म आणला होता.” मग म्हणाली, “भावोजी वाईट नव्हते. तेही लिही. पण शेवटी लिही.”

तसंच लिहिलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. तुम्हाला पाठवायच्या आधी तिला फोनवर वाचून दाखवलं, आणि तिनं हो म्हटल्यावरच पाठवलं. तुमच्यातल्या काहींनी उत्तर दिलं नाही. एका भावानं लिहिलं, “ताई, घरातलं घरात राहू द्यायचं.” त्याला मी एवढंच म्हणेन, की ते घरातच राहिलं होतं. पन्नास वर्षं राहिलं होतं. आणि सागरच्या एका वहिनींनी मात्र त्यांच्या सासूबाईंचं नाव पाठवलं. ते नाव आजवर कुणाच्याच कागदावर नव्हतं, सगळीकडे नुसतं ‘पत्नी’ लिहिलं होतं.

म्हणून सांगते, वह्या-कागदांकडे नंतर जा. आधी घरात जे जिवंत आहेत त्यांच्यापाशी बसा. आणि त्यांच्या नावांच्या आधी त्यांना काय हवं होतं ते विचारा. मी उलट्या क्रमानं गेले.

काकू पुढच्या वर्षी श्रावणात गेली. सकाळी शेजारच्या बाईनं हाक मारली तर उठली नाही. मी पोचेपर्यंत गल्लीतल्या बायकांनी तिला मळवट भरून, हिरवी साडी नेसवून ठेवलं होतं. त्यांच्या लेखी ती सवाष्ण होती. मी ते तसंच राहू दिलं. कुठे काय लिहायचं ते ती सांगून गेली होती. कुणाला काय दिसावं, त्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

दतिया गेटच्या त्या तीन खोल्या आता भाड्यानं दिल्या आहेत. मी झाशीला जाते तेव्हा हॉटेलात उतरते. दारात कुणी उभं नसतं, याचं दुःख तर आहेच. पण त्याहून मोठं दुःख वेगळं आहे, आणि ते घेऊनच मी आता पुण्यात म्हातारी होते आहे. मला चाळीस वर्षं जे माहेर मिळालं, ते एका बाईला तिच्या माहेरी जाऊ न देता उभं केलेलं होतं. अण्णांनी ते माझ्यासाठी केलं. मी मागितलं नव्हतं. पण पडद्यामागे उडी मारणारी मीच होते.

इकडे नवीन ओळख झाली की बायका अजूनही विचारतात, “तुमचं माहेर कुठलं?” मी झाशी म्हणते. पूर्वी मी लगेच म्हणायचे.